पहिलटकरणीचा वर्ग

प्रसूतिपूर्व वर्गात गर्भवती आणि तिच्या घरची माणसे यांना गर्भारपण, कळा, प्रसूती, स्तनपान आणि बाळंतपणानंतरचे पहिले आठवडे यांची क्रमवार ओळख करून दिली जाते. नागपुरासारख्या शहरात हे शिक्षण आज दोन टोकांना आढळते. एका टोकाला शुल्क भरून घेतलेले खासगी वर्ग आहेत, तर दुसऱ्या टोकाला सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीतील रांगेत घाईने सांगितलेल्या चार सूचना. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट गृहीत धरलेली असते, ती म्हणजे शिकायचे ते गर्भवतीने. प्रत्यक्षात बाळंतपणातले फार थोडे निर्णय तिच्या हाती असतात. रुग्णालय कोणते, घरातून केव्हा निघायचे, सोबत कोण, सिझरच्या कागदावर सही कोणाची, बाळाच्या तोंडात पहिल्यांदा काय जायचे, हे नवरा, सासू, आई, सिस्टर आणि डॉक्टर ठरवतात. म्हणून वर्गाची किंमत ठरवताना गर्भवतीला किती कळले एवढेच पाहून भागत नाही. तिला कळलेले घरात आणि प्रसूतिकक्षात किती चालते, हे पाहावे लागते.

पूर्वी हे शिक्षण वेगळे द्यावे लागत नसे. पहिले बाळंतपण माहेरी होई. डोहाळजेवण आटोपले की मुलगी आईकडे जाई, आणि तिथे बहीण, वहिनी किंवा शेजारीण यांपैकी कोणाचे तरी बाळंतपण तिने आधी जवळून पाहिलेले असे. कळा सुरू झाल्यावर आई, मावशी आणि सुईण तिच्याजवळून हलत नसत. या व्यवस्थेचे मोठे बळ सोबतीत होते. तिच्या उणिवाही तेवढ्याच मोठ्या होत्या. अतिरक्तस्राव, झटके किंवा आडवे मूल यांवर तिच्याकडे उपाय नव्हता. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे धनुर्वात होई, चिकाचे दूध पिळून टाकले जाई, बाळाला मध चाटवला जाई. रुग्णालयाने यांतल्या प्राणघातक उणिवांवर उत्तर शोधले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) महाराष्ट्रातील ९४.७ टक्के बाळंतपणे आरोग्यसंस्थांत झाली. मात्र प्रसूतिकक्षाचे दार बंद झाल्यावर आई बाहेर राहिली आणि धाकट्या बहिणीला पाहून शिकण्याची संधी उरली नाही. आजच्या पहिलटकरणीने बाळंतपण पाहिलेले असते ते सिनेमात किंवा मोबाइलवर. ही पोकळी रुग्णालयामुळे निर्माण झाली आहे, त्यामुळे ती भरून काढणे ही रुग्णालयाचीही जबाबदारी ठरते.

नागपूरला या कामाची जुनी परंपरा आहे. कमलाताई होस्पेट यांनी वेणूताई नेने यांच्या साथीने १९२१ मध्ये नागपुरात मातृसेवा संघ सुरू केला. कमलाताई बालविधवा होत्या आणि परिचर्येचे व प्रसूतीचे रीतसर शिक्षण घेतलेल्या होत्या. स्त्रियांनी पुरुष डॉक्टरकडे जायला आणि घराबाहेर बाळंत व्हायला बिचकावे असा तो काळ होता. अशा वेळी प्रशिक्षित बाईच्या हाती चालणारे प्रसूतिगृह हे उपचाराइतकेच विश्वास संपादन करण्याचे काम होते. आज शहरात डागा स्मृती शासकीय स्त्री रुग्णालय, मेडिकल आणि मेयो ही दोन शासकीय वैद्यकीय महाविद्यालये, मिहानमधील एम्स आणि असंख्य खासगी प्रसूतिगृहे आहेत. भंडारा, गोंदिया आणि गडचिरोली या जिल्ह्यांतून, तसेच छिंदवाडा, शिवनी आणि बालाघाट या मध्य प्रदेशातील भागांतूनही अवघड बाळंतपणे नागपुरात येतात. त्यामुळे येथील वर्गासमोर एकाच वेळी मराठी, वऱ्हाडी, हिंदी आणि गोंडी बोलणाऱ्या बायका बसलेल्या असू शकतात.

वर्ग ही कल्पना ज्या रूपात आली, ती पश्चिमेतील रुग्णालयी बाळंतपणाची प्रतिक्रिया होती. इंग्रज प्रसूतितज्ज्ञ ग्रँटली डिक-रीड यांनी १९३३ मधील पुस्तकात आणि पुढच्या लेखनात मांडले की भीतीमुळे शरीर आखडते, आखडल्याने वेदना वाढते आणि वाढलेली वेदना पुन्हा भीती निर्माण करते. माहिती आणि शिथिलीकरण यांनी हे चक्र तोडता येते, असे त्यांचे म्हणणे होते. फ्रेंच डॉक्टर फर्नांड लमाझ यांनी १९५१ मध्ये सोव्हिएत संघात पाहिलेल्या पद्धतीवरून पॅरिसमध्ये श्वसनाचे प्रशिक्षण रुजवले. ब्रिटनमध्ये १९५६ मध्ये आईबापांची संघटना उभी राहिली आणि १९६० मध्ये अमेरिकेत लमाझ पद्धतीचा प्रसार करणारी संस्था स्थापन झाली. रॉबर्ट ब्रॅडली यांनी १९६५ मध्ये नवऱ्याला कळांच्या वेळचा मदतनीस म्हणून पुढे आणले. या चळवळींचा खरा रोख स्त्रीला गुंगीत ठेवून, एकटी पाडून, तिच्या वतीने सारे ठरवणाऱ्या रुग्णालयाकडे होता. भारतात आल्यावर त्यातला श्वसनाचा व्यायाम तेवढा उचलला गेला आणि रुग्णालयाला विचारायचे प्रश्न मागे राहिले. गर्भवतींसाठी चटया, मोठे चेंडू आणि श्वासोच्छ्वासाचा सराव असलेले वर्ग शहरात दिसतात. ते निरुपयोगी नाहीत. पण कळांच्या वेळी खाटेवरून उतरून चालायला परवानगी नसेल, तर त्या सरावाचा उपयोग करायला जागाच उरत नाही.

मराठी मध्यमवर्गात याहून लोकप्रिय झाले ते गर्भसंस्कार वर्ग. बालाजी तांबे यांच्या ‘आयुर्वेदीय गर्भसंस्कार’ या पुस्तकाने ही कल्पना घरोघरी पोचवली. मंत्र, संगीत, सद्विचार आणि विशिष्ट आहार यांनी पोटातले बाळ बुद्धिमान व संस्कारी घडते, हा या वर्गांचा गाभा आहे. गर्भाला साधारण सहाव्या महिन्यापासून आवाज ऐकू येऊ लागतात आणि जन्मल्यावर बाळ आईचा आवाज ओळखते, इतके संशोधनाने दाखवले आहे. त्यावरून बुद्धी वा स्वभाव ठरवून घडवता येतो, असे सिद्ध होत नाही. संगीत ऐकल्याने कोणाचे नुकसान होत नाही, हेही खरे. नुकसान होते ते दोन प्रकारे. बाळाच्या भावी गुणांची जबाबदारी आईच्या मनःस्थितीवर टाकली की तिने रडणे, चिडणे, थकणे हाही दोष ठरतो, आणि काही व्यंग निघाले तर बोट तिच्याकडेच वळते. दुसरे असे की त्या तासांत धोक्याची लक्षणे, रक्ताच्या तपासण्या आणि प्रसूतिकक्षातले हक्क यांना वेळ उरत नाही. तरीही या वर्गांकडून रुग्णालयांनी एक धडा घ्यायला हवा. तिथे गर्भवतीला कोणी घाई करत नाही, तिला नावाने हाक मारली जाते, तिच्यासारख्याच चारचौघी भेटतात आणि नवराही सोबत बसतो. जिथे वेळ आणि मान मिळतो तिकडे बायका जातात, हे यातून कळते.

आता विषयांकडे. वर्गाची वेळ हाच पहिला महत्त्वाचा मुद्दा आहे. बहुतेक वर्ग सातव्या महिन्यानंतर भरतात, कारण त्यांच्या नजरेसमोर फक्त कळा असतात. विदर्भात ही दिरंगाई महागात पडते, आणि त्याचे ठळक उदाहरण सिकलसेल. हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भातील आदिवासी आणि इतर अनेक समाजांत मोठ्या प्रमाणावर आढळतो. नवरा-बायको दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत बाळ रुग्ण असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि पूर्ण निरोगी असण्याची २५ टक्के असते. स्त्री वाहक निघाली की नवऱ्याची तपासणी ताबडतोब व्हायला हवी, कारण गर्भाची तपासणी वारेचा सूक्ष्म नमुना घेऊन साधारण दहाव्या-अकराव्या आठवड्यापासून करता येते. सातव्या महिन्यात ही माहिती मिळून उपयोग नाही. केंद्र सरकारने २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली आहे. तिचा लाभ गर्भवतीपर्यंत पोचायचा तर पहिला वर्ग नोंदणीच्या वेळीच, म्हणजे पहिल्या बारा आठवड्यांत व्हावा आणि नवऱ्याला त्याच वेळी बोलावलेले असावे. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे आणि आजार दोघांकडून येतो, हे वर्गात स्वच्छ सांगितले नाही तर दोष पुन्हा सुनेच्या माथी जातो.

त्याच पहिल्या वर्गाचा दुसरा विषय रक्तक्षय. गर्भवतीचे हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तो रक्तक्षय, ७ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर तीव्र रक्तक्षय. सरकारी योजनेत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड असलेली गोळी रोज एक याप्रमाणे १८० दिवस घ्यायची असते. गोळ्या वाटल्या जातात, पण बऱ्याचशा डब्यातच राहतात. शौच काळे होते, मळमळते, पोट साफ होत नाही, आणि गोळ्यांनी बाळ काळे होते किंवा फार मोठे होते अशी समजूत कुठेतरी कानावर आलेली असते. या एकेका कारणाला उत्तर आहे. शौच काळे होणे अपेक्षितच आहे. गोळी रात्री जेवणानंतर घेतली तर मळमळ कमी होते. चहा आणि कॅल्शियमची गोळी तिच्यासोबत घेऊ नये, लिंबू किंवा संत्रे खावे. भाकरी, तुरीचे वरण, हरभरा, पालेभाज्या आणि शेंगदाणे हा नेहमीचा आहार पुरेशा प्रमाणात मिळणे, हा खर्चापेक्षाही ताटात शेवटी कोण बसते याचा प्रश्न असतो. तो सासूसमोर मांडल्याशिवाय सुटत नाही. सिकलसेलच्या रुग्ण स्त्रीचा रक्तक्षय केवळ लोहाच्या गोळ्यांनी भरून येत नाही, हेही याच ठिकाणी सांगायला हवे.

मधल्या तिमाहीत रक्तदाब, साखरेची चाचणी आणि धोक्याची लक्षणे यांवर भर हवा. चेहऱ्यावर व हातांवर सूज, तीव्र डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, झटके, अंगावरून रक्त जाणे, पाणमोट फुटणे, ताप, आणि बाळाची हालचाल कमी होणे ही लक्षणे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावीत. नागपुरात यात उन्हाळ्याची भर पडते. मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, तेव्हा बांधकामावर वा शेतात राबणाऱ्या गर्भवतीला भरपूर पाणी, ताक, सावली आणि दुपारच्या कामातून सुटका यांची गरज असते. लघवी कमी व गडद होणे, चक्कर येणे या खुणा साध्या वाटल्या तरी दुर्लक्ष करण्यासारख्या नसतात. मातामृत्यूंचा अभ्यास करताना थॅडियस आणि मेन यांनी १९९४ मध्ये तीन विलंब सांगितले: जायचे ठरवण्यातला, पोचण्यातला आणि पोचल्यावर उपचार मिळण्यातला. पहिला विलंब घरात होतो. कोणत्या लक्षणाला कोणाची परवानगी न विचारता १०८ ला फोन करायचा, हे घराने आधीच ठरवलेले असणे, ही वर्गाची सर्वांत मोलाची निष्पत्ती आहे.

तिसऱ्या तिमाहीत कळा आणि प्रसूती. खऱ्या आणि खोट्या कळांतला फरक, पाणी गेल्यास न थांबता निघणे, गाव लांब असेल तर आधीच शहरात येऊन राहणे, असे हे क्रमाने सांगता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या शिफारशींनुसार गर्भाशयाचे तोंड ५ सेंटीमीटर उघडल्यावर कळांचा सक्रिय टप्पा सुरू होतो, आणि पहिलटकरणीत तो बहुधा १२ तासांच्या आत पुरा होतो. दर तासाला एक सेंटीमीटर हा जुना दंडक प्रत्येकीला लावू नये, असेही त्या शिफारशी म्हणतात. हे माहीत असलेले कुटुंब चार तासांत ‘काहीच होत नाही, सिझर करून टाका’ असा धोशा लावत नाही.

सिझरबद्दल बोलताना दोन्ही बाजू मांडाव्या लागतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या त्याच पाचव्या फेरीनुसार (२०१९–२१) देशात खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आणि सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के बाळंतपणे सिझरने झाली. महाराष्ट्रातील एकूण प्रमाण २५.४ टक्के होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या निवेदनानुसार लोकसंख्येच्या पातळीवर हे प्रमाण १० टक्क्यांच्या वर गेल्यावर माता-बालमृत्यू आणखी घटल्याचे दिसत नाही. या आकड्यांवरून एखाद्या स्त्रीचे सिझर अनावश्यक होते असे म्हणता येत नाही. ‘नॉर्मल’ म्हणजे यश आणि सिझर म्हणजे अपयश, असे शिकवणारा वर्ग ऐन वेळी गरजेच्या शस्त्रक्रियेला विलंब लावू शकतो. शिकवायचे ते प्रश्न: कारण काय, थांबले तर धोका कोणता, दुसरा पर्याय आहे का.

शेवटचा भाग स्तनपान आणि बाळंतिणीची काळजी. पहिल्या तासात छातीशी, चिकाचे दूध वाया न घालवता, सहा महिने फक्त अंगावरचे दूध, वरचे पाणी किंवा गुटी नाही, हा संदेश सर्वपरिचित आहे. तरीही त्याच सर्वेक्षणानुसार देशात ८८.६ टक्के बाळंतपणे आरोग्यसंस्थांत होत असताना पहिल्या तासात दूध मिळालेली बालके केवळ ४१.८ टक्के होती. बाळ जन्मते तेव्हा आई सिस्टर-डॉक्टरांच्या समोरच असते. त्यामुळे ही दरी आईच्या अज्ञानाने पडली असे म्हणणे कठीण आहे. बाळ पुसून, वजन करून, बाहेर नातेवाइकांना दाखवून आईकडे येईपर्यंत तास निघून जातो. इथे शिकण्याची गरज प्रसूतिकक्षाला आहे.

हाच निष्कर्ष संशोधनातूनही निघतो. प्रसूतिपूर्व शिक्षणावरील नऊ चाचण्यांचा कॉक्रेन आढावा २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वसाधारण वर्गांचे परिणाम ठामपणे सांगता येत नाहीत, असे त्यात नोंदवले आहे. याउलट कळांच्या वेळी सतत सोबत देण्याविषयीच्या २०१७ च्या आढाव्यात २६ अभ्यास आणि पंधरा हजारांहून अधिक स्त्रिया होत्या. सोबत असलेल्यांत सिझर कमी, कळांचा काळ थोडा कमी आणि समाधान अधिक आढळले. माहितीच्या परिणामाबद्दल ठामपणे बोलता येत नाही, सोबतीबद्दल येते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये सरकारी प्रसूतिकक्षात स्त्री सोबतिणीला परवानगी देण्याची सूचना केली आणि २०१७ च्या ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही तिला स्थान आहे. वर्गात हा हक्क सांगितला आणि दारावर शिपायाने आईला अडवले, तर वर्गाची विश्वासार्हता त्याच क्षणी संपते.

सामूहिक शिक्षणाचा अनुभवही असाच बोलका आहे. झारखंड आणि ओडिशातील आदिवासी भागांत ‘एकजूट’ संस्थेने महिलांचे गट बांधले. गटांत व्याख्यान नसे; गोष्टी, खेळ आणि चर्चेतून बायकाच अडचणी निवडत व उपाय ठरवत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत नवजात मृत्यू लक्षणीय घटल्याचे दिसले. गडचिरोलीत अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ने आरोग्यदूत, घरी जाऊन केलेली नवजात काळजी आणि मातांचे शिक्षण यांची जोड घातली. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेथे नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. मुंबईच्या ४८ झोपडवस्त्यांत ‘स्नेहा’ संस्थेने घेतलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र महिला गटांमुळे काळजी सुधारल्याचे वा मृत्युदर घटल्याचे दिसले नाही. हे तिन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर एक अर्थ लावता येतो. खेड्यात बाळंतपण घरी होते तिथे घराने शिकले की बदल घडतो. शहरात बाळंतपण आधीच रुग्णालयात होते, तिथे पुढचा बदल रुग्णालयाच्या वागणुकीत व्हावा लागतो. नागपुरात दोन्ही परिस्थिती आहेत, म्हणून येथील वर्गाला दोन्ही टोके धरावी लागतील.

त्यासाठी काही व्यावहारिक बदल पुरेसे आहेत. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची मोफत तपासणी होते. तपासणीची वाट पाहणाऱ्या बायका तासन्‌तास बाकांवर बसलेल्या असतात; त्याच वेळेत दहा-बारा जणींचा गट करून अर्ध्या तासाचा वर्ग घेता येतो. हे काम परिचारिकेने किंवा प्रसूतीचे प्रशिक्षण घेतलेल्या प्रसाविकेने करावे, कारण पुढे कळांच्या वेळी तीच समोर असण्याची शक्यता अधिक असते. केंद्राच्या २०१८ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी अशा स्वतंत्र प्रसाविकांची तरतूदही केली आहे. आशाताईंनी घरभेटीत सासू आणि नवऱ्यासमोर तेच मुद्दे पुन्हा मांडावेत. रोजंदारीवरच्या नवऱ्याला दिवस बुडवून येणे परवडत नाही, त्याच्यासाठी एखादा वर्ग रविवारी असावा. बाळंतपण माहेरी होणार असेल, तर नागपुरात शिकलेली मुलगी तुमसर किंवा वणीला बाळंत होते. अशा वेळी तिच्या माता-बाल संरक्षण कार्डावर रक्तगट, सिकलसेलचा निकाल, धोक्याचे मुद्दे आणि सोबतिणीचे नाव लिहिलेले असावे, आणि एका वर्गाला तिच्या आईने यावे.

यावर तीन आक्षेप घेतले जातात. पहिला, जास्त सांगितले की बाई घाबरते. पण न सांगितल्याने भीती जात नाही, ती ऐकीव गोष्टींवर पोसली जाते. दुसरा, गर्दीच्या रुग्णालयात मनुष्यबळ नाही. हा आक्षेप खरा आहे. मात्र तीच सूचना शंभर जणींना एकेक करून सांगण्यापेक्षा गटात सांगायला कमी वेळ लागतो. तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे: सेवा सुधारल्याशिवाय दिलेले शिक्षण जबाबदारी रुग्णावर ढकलते. त्याला उत्तर एकच. वर्गात सांगायची प्रत्येक गोष्ट आधी त्याच रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षाने मान्य केलेली असावी, आणि तिथे न पाळली जाणारी गोष्ट वर्गातून आलेली तक्रार म्हणून प्रशासनापर्यंत जावी.

वर्गाचे मोजमापही त्यानुसार बदलावे लागेल. उपस्थितीच्या नोंदी आणि फोटो यांवरून फारसे कळत नाही. किती वाहक स्त्रियांच्या नवऱ्यांची तपासणी बाराव्या आठवड्याच्या आत झाली, १८० पैकी किती गोळ्या पोटात गेल्या, धोक्याचे लक्षण दिसल्यापासून घर सोडेपर्यंत किती वेळ गेला, किती जणींच्या सोबतिणीला आत प्रवेश मिळाला आणि किती बाळे पहिल्या तासात छातीशी लागली, हे पाच आकडे ठेवता येतील. यांपैकी पहिल्या तीन आकड्यांचे उत्तर घर देते, उरलेल्या दोन आकड्यांचे रुग्णालय. म्हणून हा निकाल गर्भवतीच्या एकटीच्या नावावर मांडता येत नाही.